झाकणाचा वाद

दादा, आधी हे सांगते, मग बाकीचं. तू चुकला होतास. इंजिन बसलेलं नव्हतं, पंप गेलेला नव्हता आणि डिझेलात पाणीही नव्हतं. गेलेल्या माणसाला असं बोलू नये, हे मला आतापर्यंत गावातल्या बहुतेक बायांनी समजावलं आहे. पण तू समोर होतास तेव्हा मी तुझं ऐकून गप्प बसले नाही, तर आता काय बसणार. वहिनीनं तुझा फोटो बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला आहे. वाद तूच जिंकल्यासारखा तू त्यात हसतो आहेस, आणि ते पाहून माझं डोकं फिरतं.

दुसरं म्हणजे, तुझा शेवटचा शब्द मी मोडला. दवाखान्यात ताप डोक्यात चढला तेव्हा तू म्हणालास, "विकून टाका त्याले. खतम झालं इंजिन." खाटेभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तीच तुझी इच्छा ठरली. आता बघ, त्याच तापात तू वहिनीला मावशी म्हणत होतास आणि मला खिडकीबाहेरचे बैल हाकलायला सांगत होतास. खिडकीबाहेर बैल नव्हते. ते कोणी खरं धरलं नाही. विकायचं तेवढं खरं धरलं, कारण ते सोयीचं होतं. वहिनीच्या भावानं, देवाजीनं, राजुऱ्याकडचं गिऱ्हाईकही ठरवून टाकलं. जुने ट्रॅक्टर सुटे करून विकणारा माणूस होता तो. देवाजीचं मन वाईट नाही, हे मीही जाणते. बहिणीच्या दारातलं लोढणं काढावं एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

लोढणं म्हणे. तो ट्रॅक्टर आपल्या दारात कशासाठी आला हे तुला सांगायची गरज नाही, पण मला एकदा बोलून घेऊ दे. आपल्या टोलीत, गावाबाहेरच्या या वस्तीत, बैलजोड्या नावालाच. बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी साचलं की चिखलणी वेळेवर व्हायला हवी, नाहीतर धानाचे पऱ्हे, ती कोवळी रोपं, टाकल्या जागीच पिवळे पडतात. बाबा दरवर्षी मोठ्या मोहल्ल्यात नत्थूजीच्या अंगणात जाऊन उभे राहायचे, जोडी मागायला. नत्थूजी कधी नाही म्हणाला नाही. तो म्हणायचा, "उद्या पाहू." त्याचं झालं की त्याच्या भावांचं, मग सोयऱ्यांचं, आणि सगळ्यांची रोवणी उरकली की आपल्या टोलीचं. म्हणून तू गडचिरोली वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास लाकडाच्या कंत्राटदाराकडून तो जुना ट्रॅक्टर आणलास. जंगलातून सागाचे ओंडके ओढून ओढून त्याचं पार भजं झालेलं होतं. मडगार्ड चेपलेले, दिवा एकच. पण त्या पावसाळ्यात आपल्या टोलीची चिखलणी आपल्या वेळेला झाली, आणि बाबा अंगणात उभे राहायचे थांबले. तू त्याला म्हातारा म्हणायचास. म्हाताऱ्याला विकणं म्हणजे परत त्या अंगणात जाऊन उभं राहणं, हे मला जेवढं दिसत होतं तेवढं देवाजीला दिसायचं काही कारण नव्हतं. तो मूल गावचा, त्याला दुकान आहे.

आणि माझं म्हणशील, तर मी त्याच ट्रॅक्टरवर बसून माहेरी परत आले. राजुऱ्याकडचं ते घर मी सोडलं तेव्हा निरोप पाठवला होता, कोणाला तरी धाड म्हणून. मला वाटलं, तू एसटीनं येशील. तू ट्रॉली लावून आलास. सासरची सगळी आळी दारात उभी राहून बघत होती आणि तू माझी पेटी, हंडा, शिलाईची मशीन एक एक करून ट्रॉलीत चढवत होतास. सासऱ्यांनी विचारलं, एवढ्या लांब ट्रॅक्टर घेऊन कोणी येतं का. तू म्हणालास, "एसटीत मशीन चढू देत नाई जी." बस, एवढंच बोलून झालं तुझं त्यांच्याशी.

चंद्रपूर मागे टाकून मूलच्या रस्त्याला जंगल लागलं आणि म्हातारा बंद पडला. टाकीतलं डिझेल संपलं होतं. तू कॅनमधलं ओतलंस, तरी सुरू होईना. मी राजुऱ्यापासून रडतच होते. तू माझ्याकडे पाना दिलास.

"इथी हवा शिरली," तू म्हणालास. "मी खालून लिव्हर मारतो. तू हा स्क्रू ढिला करून पाह्य. बुडबुडे येऊन राह्यले का?"

"येऊन राह्यले."

"आता?"

"अजून येऊन राह्यले."

"रडू नको वं, नीट पाह्य. आता?"

"आता साफ डिझेल आलं."

"मंग कस."

मी स्क्रू कसला आणि ट्रॅक्टर सुरू झाला. त्या सबंध रस्त्यात तू मला फक्त बुडबुड्यांचं विचारलंस. काऊन आली, काय झालं, लोक काय म्हणतील, यातलं एकही अक्षर तुझ्या तोंडून आलं नाही, ना तेव्हा, ना नंतर कधी. माझ्या वाट्याला आलेली ती सगळ्यात मोठी माया होती, दादा. हे तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं, आणि याचं मला इतकं वाईट वाटतं की कधी कधी हातातलं काम टाकून बसावं लागतं.

पण म्हणून झाकणाचं मी सोडणार नाही.

मागच्या पावसाळ्यात झाकणातून पाणी झिरपून टाकीत गेलं, नोझल खराब झालं आणि ऐन रोवणीत म्हातारा उभा राहिला. त्याचा तू धसका घेतलास. यंदा झड लागायच्या आत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापलास, टाकीच्या झाकणावर ताणून बसवलास आणि तारेनं असा आवळलास की थेंब आत जाईल तर शपथ. मी तेव्हा तुझं कौतुकच केलं होतं. मग झड लागली आणि म्हातारा रोज बंद पडायला लागला. घरून निघायचा, पहिली बांधी झकास करायचा, आणि धुऱ्यावरच्या, शेताच्या कडेच्या, त्या मोहाच्या झाडापाशी आला की आचके द्यायचा आणि थांबायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. तिसऱ्या दिवशीही तिथंच.

गावाला काय, विषयच पाहिजे होता. नत्थूजी धुऱ्यावर छत्री घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "जागा खराब हाये. निंबू बांध, नारळ फोड." आपल्या टोलीतल्याही दोनचार जणांच्या माना हलायला लागल्या. तुला काय राग आला होता. "माह्या बापानं सारे देव वैनगंगेत सोडले," तू म्हणालास, "आता मी काय फिल्टरले निंबू बांधू?" मडावीकाका तिथं उभे होते. त्यांना वेगळाच राग आला होता. ते दर उन्हाळ्यात त्या झाडाखाली मोहफुलं वेचतात. "झाडाचं नाव काऊन खराब करता?" ते म्हणाले. "मोहानं कोणाचं वाईट केलं? पोट भरते तो." त्या पावसात, सगळ्या चिखलात उभे राहून, झाडाची बाजू घेणारा तो एकटा माणूस होता.

मग तू आपल्या पद्धतीनं कामाला लागलास. कुठंही बंद पडला की तुझी पहिली सवय, झाकण उघडून काडी घालून डिझेल किती आहे ते पाहायचं. मग फिल्टरचा स्क्रू ढिला करून हवा काढायची. मग सुरू करायचं, आणि तो सुरू व्हायचा. मग तू पुन्हा झाकणावर रबर आवळायचास. तुझं म्हणणं असं की लाइनीत कुठून तरी हवा शिरते. तू नळ्या बदलल्यास, वायसर बदललेस, पंप खोलून चटईवर मांडलास. प्रत्येक वेळी वाटायचं, सापडलं, आणि प्रत्येक वेळी मोहापाशी पुन्हा तेच.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. उघाड पडली की म्हातारा दिवसभर चालायचा. झडीत बंद पडायचा. हे तुलाही दिसत होतं, पण तू म्हणायचास, झडीत पाणी जाते. आणि मी म्हणत होते, झडीत तू रबर बांधतोस. शेवटच्या दिवशी तू झाकण उघडायच्या आधी मी हात लावून पाहिला. रबर आत खेचलं गेलं होतं, मध्ये खळगा पडला होता. तू तार सोडून झाकण फिरवलंस आणि 'सूं' असा आवाज झाला.

"दादा, झाकणाचं काही तरी हाये."

"झाकणानं इंजिन बंद पडते काय? डिझेल गरम झालं, वाफ हाये ते."

"वाफ भाईर येते. हे तं आत ओढून राह्यलं."

"तू मले शिकोतं काय वं? झाकणाले नळी असते का, पंप असते का? टोपण हाये ते."

"टोपणाले भोक असते. तू ते बुजवलं."

"भोकातून पाणी जाते म्हणून बुजवलं."

"मंग हवा कुठून जाईन? हवा नाई गेली तं डिझेल खाली कसं येईन?"

तू माझ्याकडे असं पाहिलंस की मला एकाच वेळी हसू आलं आणि राग आला. सगळे बघत होते, नत्थूजीही होता. तू म्हणालास, "उद्या नोझल काढून मूलले नेतो. तू घरी जाऊन पोळ्या लाट." मी तिथंच पाना चिखलात टाकला आणि घरी आले. पोळ्या लाटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तू नोझल काढायला उठलास तो थंडी वाजून परत खाटेवर पडलास. नंतर आपण झाकणावर बोललोच नाही. तापात माणसाशी भांडायचं नसतं, बरा झाला की भांडू, असं माझ्या मनात होतं. तू बराच झाला नाहीस.

मला लोक म्हणतात, तुम्हा बहीणभावाचा किती जीव होता. होताच. पण आमचा जीव भांडणातच होता, हे त्यांना कुठं माहीत. माझ्या सासरी कोणी माझ्याशी वाद घातला नाही, मला फक्त सांगितलं गेलं. तू पहिला माणूस, ज्यानं माझं बोलणं खोडून काढायचे कष्ट घेतले. ज्या दिवशी तू "पोळ्या लाट" म्हणालास त्या दिवशी मला राग आला तो पोळ्यांचा नव्हता. तू वाद अर्धा टाकून पळालास, त्याचा होता.

तुझं पुण्यानुमोदन झालं, बुद्धवंदना झाली. पाहुणे गेले. देवाजी थांबला, कारण गिऱ्हाईक येणार होतं. मी वहिनीला चुलीपाशी गाठलं आणि रबराचं सगळं सांगितलं. ती पांढऱ्या लुगड्यात बसून निखारे उलथत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यायचा शेवटचा शब्द हाये, बाई," ती म्हणाली.

"त्यानं तुले मावशीही म्हटलं होतं."

वहिनी हसली. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. मग निखारे राखेखाली ढकलत म्हणाली, "मोहाच्या पुढं गेला तं ठेवू. नाई गेला तं माह्या भावाले देऊन टाकू द्या. मंग तुमी बोलू नका." मला ते मान्य करावं लागलं. ट्रॅक्टर तिचा होता, आता सगळं तिचंच होतं, आणि तिच्या जागी मी असते तर मीही असंच काही म्हटलं असतं.

सकाळी झड होतीच. मी रबर काढून फेकलं, झाकणाचं भोक दाभणानं साफ केलं आणि पाणी जाऊ नये म्हणून त्यावर पत्र्याचा डबा सैल पालथा घातला, कडेनं वारा खेळेल असा. हवा काढायला लिव्हर मी मारली आणि स्क्रूचा पाना वहिनीकडे दिला. "बुडबुडे येऊन राह्यले का?" मी तुझ्याच शब्दांत तिला विचारलं. ती म्हणाली, "येऊन राह्यले जी, मी पाहून राह्यली ना," आणि स्क्रूवरून नजर काढली नाही.

वहिनी मडगार्डवर बसली. देवाजी धुऱ्यानं चालत आला, मागे अर्धी टोली, आणि नत्थूजी छत्रीसकट. बायको गेली तर माणूस ट्रॅक्टर चालवतो, पण भाऊ गेला तर बहिणीनं चालवू नये, असला काहीतरी कायदा कुजबुजत होता कोणी तरी. तूच मला रिकाम्या बांधीत गियर टाकायला शिकवलंस तेव्हाही हेच कुजबुजत होते, आणि तू त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होतास की ट्रॅक्टरले बाई-माणूस कळत नाई. मी तेच पुन्हा म्हटलं, तुझ्याहून जोरात.

पहिली बांधी झाली. मोह जवळ आला. चिखलणीचं लोखंडी चाक एका खड्ड्यात दबलं आणि इंजिनाचा आवाज खाली गेला. वहिनीनं माझा खांदा धरला. मी थ्रॉटल ओढला, काळा धूर निघाला, चाक चिखल फेकत वर आलं आणि आम्ही मोहाच्या पुढे गेलो. पुढची बांधी केली, त्याच्या पुढची केली. मागे वळून पाहायचं मी मुद्दाम टाळलं.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं, असं देवाजी म्हणतो. पण तुझ्याशी वाद होता ना माझा, आणि तू असतास तर म्हणाला असतास, योगायोग हाये. म्हणून मी ट्रॅक्टर थांबवला, ओच्यातून ट्यूबचा दुसरा तुकडा काढला आणि सगळ्यांसमोर झाकणावर तारेनं आवळून बांधला. देवाजी ओरडला, "चांगला चालून राह्यला तं काऊन मस्ती करता?" मी पुन्हा निघाले. म्हातारा काही वेळ नीट चालला, मग आचके द्यायला लागला आणि बंद पडला. मोह पार मागे राहिला होता; रबर बांधल्यावर तेवढा वेळ गेला की तो थांबायचा, मोह फक्त घरापासून तेवढ्या अंतरावर होता. मी वहिनीचा हात धरून त्या रबरावर ठेवला, खळगा पडला होता त्याच्यावर. मग तार सोडली. 'सूं' सगळ्यांनी ऐकलं. हवा काढली, बटण दाबलं आणि तो सुरू झाला.

मडावीकाका मागून म्हणाले, "आता तरी झाडाले सोडा."

मला वाटलं होतं, त्या क्षणी मी खूप खूष होईन. झालेही, थोडा वेळ. मग माझ्या लक्षात आलं की मी सवयीनं डावीकडे पाहते आहे, जिथं तू उभा राहायचास, मान तिरकी करून, हरलो हे कबूल न करण्यासाठी काही तरी नवीन शोधत. तिथं देवाजी उभा होता आणि त्याला सगळंच मान्य होतं. मान्य करणाऱ्या माणसापुढे जिंकण्यात काही राम नाही, दादा. तुला राग येईल, पण तुझ्यावर मी तेव्हा जितकी चिडले तितकी तू जिवंत असताना कधी चिडले नाही.

गिऱ्हाईक आलं तेव्हा वहिनीच पुढे झाली. "इकाचा नाई," तिनं सांगितलं आणि त्याला चहा दिला. देवाजीनं तोंड फिरवलं, पण दुसऱ्या दिवशी तोच डिझेलचा पिंप मूलहून घेऊन आला. मग मी आणि वहिनी आळीपाळीनं चिखलणीला लागलो. ती अजून वळणावर धुरा फोडते, शिकेल. पहिल्यांदा आपली बांधी, मग टोलीत ज्यांचे पऱ्हे पिवळे पडायला आले होते त्यांची, मग बाकीच्यांची. रोवणीला उतरलेल्या बाया गात नव्हत्या, तुझं सुतक पाळत होत्या. मी त्यांना म्हटलं, गा. सुतक आपण मानत नाही, आणि त्याला मुक्यानं रोवलेलं धान आवडलं नसतं.

यंदाच्या ओल्या झडीत नत्थूजीची बैलजोडी पायखुरीनं, खुरांच्या रोगानं, बसली. त्यामुळे परवा, भर दुपारी, नत्थूजी टोलीत, आपल्या अंगणात आला. आजवर तो मला नावानं हाक मारायचा, तीही रस्त्यावरून. या वेळी चप्पल बाहेर काढली, छपरीखाली आला आणि म्हणाला, "बाई, माह्या दोन बांध्या राह्यल्या. ट्रॅक्टर भेटन काय?" वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मला खूप काही बोलता आलं असतं, आणि खरं सांगते, जिभेवर आलंही होतं, बाबांच्या वतीनं. मी म्हटलं, "टोलीचं झालं का येतो. अजून चार घरं राह्यली. तंवर थांबा लागन."

तो तिथं उभा राहिला. छपरीचं पाणी त्याच्या खांद्यावर गळत होतं. मग त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "बरं."